एअर पिस्तुलासाठी हातपंप: आठ महिने घरी हवा भरल्यानंतर

मी गेली सहा वर्षे 10 मीटर एअर पिस्तूल प्रकारात नेमबाजी करते. वय 47, वजन 54 किलो, आणि राहणे विलेपार्ल्यात, लिफ्ट नसलेल्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर. ही माहिती सुरुवातीलाच देते, कारण हातपंपाविषयीचे बहुतेक अभिप्राय माझ्या दुप्पट ताकदीच्या पुरुषांनी लिहिलेले असतात आणि ‘थोडा जोर लावावा लागतो’ एवढ्यावर त्यांचा विषय संपतो.

पिस्तुलाच्या नळीखाली जे बोटभर जाडीचे सिलिंडर असते, त्यात छर्रा उडवण्यासाठी 200 बार दाबाने हवा भरावी लागते. मोटारीच्या चाकात दोन-अडीच बार हवा असते, त्यावरून या दाबाची कल्पना यावी. वरळीच्या रेंजवर मी जाते ते शनिवारी आणि रविवारी, आणि इतर सगळेही तेव्हाच येत असल्यामुळे हवा भरून घ्यायलाही थांबावे लागते. आठवड्यातला उरलेला सराव घरीच होतो. मुख्य दरवाजापासून गॅलरीच्या भिंतीपर्यंत बरोबर सात मीटर अंतर मिळते. तिथे लोखंडी पेटी ठेवून मी त्याच प्रमाणात लहान केलेले लक्ष्य लावते, म्हणजे 59.5 मिलिमीटरचे काळे वर्तुळ साधारण 41.5 चे होते आणि दहा गुणांचा 11.5 मिलिमीटरचा मधला ठिपका आठ मिलिमीटरचा. सराव सुरू असताना दरवाजाला आतून कडी असते आणि घरातली माणसे माझ्या पाठीमागे, स्वयंपाकघरात असतात.

हवेसाठी दुसरा पर्याय समुद्रात बुडी मारणारे पाठीवर बांधतात त्या मोठ्या टाकीचा होता. पण ती भरून आणणे आणि तीन जिने चढवणे मला झेपणारे नव्हते. म्हणून मार्चमध्ये तीन टप्प्यांत हवा दाबणारा स्टीलचा हातपंप ₹14,500 ला घेतला.

आधी कष्टांविषयी लिहिते. माझ्या सिलिंडरची क्षमता सुमारे 80 मिलिलिटर आहे. स्पर्धेतल्या 60 फैरी आणि त्याआधीच्या सरावाच्या वीसेक फैरी झाल्या की दाब 200 वरून 120 च्या आसपास उतरतो. म्हणजे 80 बारची तूट, आणि ती भरून काढायला बाहेरची जवळपास साडेसहा लिटर हवा त्या इवल्याशा सिलिंडरमध्ये कोंबावी लागते. माझ्या पंपाला त्यासाठी साठ ते पासष्ट वेळा खाली-वर करावे लागते. दीडशे बारपर्यंत काहीच वाटत नाही. 170 नंतर मात्र हातांच्या जोरावर दांडा खाली जात नाही, तेव्हा कोपर ताठ ठेवून, कमरेतून वाकून सगळे वजन मुठीवर सोडावे लागते आणि तळाशी क्षणभर थांबावे लागते, नाहीतर दाबलेली हवा पुढच्या टप्प्यात पूर्णपणे जातच नाही. हे कसब यायला मला तीन आठवडे लागले. घाईने मारलेले वीस फेरे सावकाश मारलेल्या बारांइतकेही काम करत नाहीत, शिवाय पंप तापतो तो वेगळाच. मी तीस फेऱ्यांनंतर दहा मिनिटे थांबते.

पंप मारून लगेच नेम धरायला जाऊ नये, हे मला पहिल्याच आठवड्यात कळले. जवळपास एक किलोचे पिस्तूल एका हाताने, कोपर न वाकवता धरायचे असते, आणि साठ फेरे मारलेला हात अर्धा तास तरी स्थिर राहत नाही. आता मी आदल्या रात्री जेवणाआधी हवा भरून ठेवते. रात्री मापकावर 200 दिसत असले, तरी सकाळी 192 च्या आसपास दिसते. ही गळती नव्हे, भरताना तापलेली हवा थंड झाल्यावर दाब तेवढा उतरतोच. सुरुवातीला मात्र मी साबणाचे पाणी लावून सगळे सांधे तपासत बसले होते.

पंपाच्या, पायाखाली दाबून धरायच्या पट्टीचा आवाज खालच्या मजल्यावर जातो, याची मला कल्पना नव्हती. खालच्या काकूंनी एप्रिलमध्ये जिन्यात विचारले, “रोज मसाला कुटता की काय गं?” त्यानंतर मी रबरी पायपुसण्यावर उभी राहून पंप मारू लागले आणि तक्रार थांबली.

खरा प्रश्न जूनमध्ये उभा राहिला. मुंबईच्या पावसाळी हवेत, 30 अंश तापमान आणि ऐंशी-पंच्याऐंशी टक्के आर्द्रता असताना, दर घनमीटरमागे सुमारे 25 ग्रॅम पाणी बाफेच्या रूपात असते. माझ्या साडेसहा लिटर हवेचा हिशेब केला तर ते 0.16 ग्रॅम, म्हणजे तीन थेंब होतात. तीन थेंबांनी काय बिघडते, असे वाटेल. पण हवा दोनशे पट दाबल्यावर तिच्यात बाफ जवळजवळ मावतच नाही आणि हे पाणी पंपात किंवा सिलिंडरमध्ये सुटते. काम संपल्यावर पंपातला उरलेला दाब सोडण्यासाठी तळाशी एक स्क्रू असतो. तो जूनच्या दुसऱ्या आठवड्यात सैल केला, तेव्हा पांढरे धुके फसकन बाहेर आले आणि खाली पसरलेल्या वर्तमानपत्रावर नाण्याएवढे ओले डाग पडले. आठवड्याला चार वेळा भरणाऱ्या माणसाचे हेच थेंब सिलिंडरमध्ये साचू लागले, तर पावसाळाभर गंजाला आमंत्रणच आहे.

पंपासोबत हवा कोरडी करणारी एक नळी मिळाली होती. तिच्यात सिलिका जेलचे नारिंगी दाणे असतात आणि ओल शोषल्यावर ते हिरवे होतात. एप्रिलमध्ये घातलेले दाणे दोन महिने टिकले, तर जुलैमध्ये नवव्या दिवशीच नळी हिरवीगार झाली. मी ते दाणे ओटीजीमध्ये 120 अंशांवर दोन तास वाळवून पुन्हा वापरत होते. ही काटकसर मला महागात पडली, कारण वारंवार तापवलेले दाणे फुटून त्यांची पूड होते आणि ती बारीक पूड जाळीतून निसटून थेट दट्ट्यापर्यंत पोहोचते. ऑगस्टच्या मध्यास दाब 150 च्या वर चढेनासा झाला. उघडून पाहिले तर मधल्या टप्प्याच्या ओ-रिंगवर, म्हणजे हवा अडवणाऱ्या रबरी कड्यावर, नखाने ओरखडावे तशा तीन रेघा होत्या आणि खोबणीत ओलसर, पिवळट कणी बसली होती.

विक्रेत्याला फोन केला, तेव्हा त्याने “शिलाई मशीनचे तेल दोन थेंब सोडा, सरळ होईल” असे सांगितले. हा सल्ला चुकीचाच नव्हे, धोकादायक आहे. डिझेल इंजिनात ठिणगीशिवाय इंधन पेटते, ते दाबाने तापलेल्या हवेमुळेच, आणि या पंपातला दाब त्या इंजिनात हवा दाबताना येणाऱ्या दाबापेक्षा खूप जास्त असतो. खनिज तेलाची वाफ तिथे पेटली, तर सील जाणे हे सगळ्यात लहान नुकसान ठरेल. अशा जागी फक्त शुद्ध सिलिकॉन ग्रीस, तेही बोटाला जेमतेम चकाकी येईल इतकेच लावतात. मी सुट्या सीलचा संच मागवला. तो यायला पाच आठवडे लागले आणि तोपर्यंत रेंजवरच्या रांगेत उभी राहिले. पंप घेतानाच हा संच घेऊन ठेवायला हवा होता. बदलण्याचे काम अवघड नाही, मला सव्वा तास लागला, त्यातली वीस मिनिटे कॉटखाली गेलेली स्प्रिंग शोधण्यात गेली.

सप्टेंबरपासून दाणे तीनदा वाळवले की टाकून देते, दर तीस फेऱ्यांनंतर स्क्रू सैल करून पाणी बाहेर काढते आणि पाऊस कोसळत असेल त्या दिवशी हवाच भरत नाही. त्यानंतर वर्तमानपत्रावर डाग पडलेला नाही. पंपाचा मापक सिलिंडरवरच्या मापकापेक्षा दहा बार कमी दाखवतो, हा दोष मात्र पहिल्या दिवसापासून आहे. मी दोन्हींपैकी जो आकडा मोठा असेल तो खरा धरून थांबते. सिलिंडरवर कोरलेली निर्मितीची तारीखही पाहत जावी, कारण दहा वर्षांपेक्षा जुने सिलिंडर आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे स्पर्धेत चालत नाही, आणि घरी भरणाऱ्याला ते सांगणारे दुसरे कोणी नसते.

रेंजवरच्या एका मैत्रिणीने माझा पंप पाहून आपल्या मुलाच्या एअर रायफलसाठी तोच घेतला. रायफलचे सिलिंडर माझ्यापेक्षा कितीतरी मोठे असते, आणि चौदा वर्षांच्या त्या मुलाचे वजन 170 बारनंतर दांड्याला पुरत नाही. त्यामुळे हवा आईच भरते, मध्ये चार वेळा बसून. तिने मला विचारले असते, तर मी तिला घेऊ नको असे सांगितले असते. माझ्या पिस्तुलासाठी मात्र मी हाच पंप पुन्हा घेईन, फक्त पावसाळा संपल्यावर.