रेडिएशनच्या जोडीला ‘गरम शेक’: नवी मुंबईतल्या एका हायपरथर्मिया केंद्राचं परीक्षण

आपल्याकडे रेडिएशनलाच ‘शेक’ म्हणतात, त्यामुळे हायपरथर्मियाचं नाव निघालं की घरचे गोंधळतात. हा खराखुरा उष्णतेचा शेक. मानेतली कॅन्सरची गाठ 40 ते 43 अंश सेल्सिअसपर्यंत तापवून साधारण तासभर तशीच ठेवायची. गाठीच्या ज्या भागात रक्त आणि ऑक्सिजन कमी पोचतो, तिथे रेडिएशन लंगडं पडतं. नेमक्या त्याच पेशी उष्णतेला लवकर बळी पडतात. शिवाय रेडिएशनने तुटलेला डीएनए सांधण्याचं पेशीचं कामही उष्णतेने अडतं.

वाशी परिसरातल्या या केंद्राला पाचपैकी साडेतीन. यंत्र रेडिओलहरींचं आहे: मानेच्या दोन बाजूंना दोन इलेक्ट्रोड, आणि इलेक्ट्रोड व त्वचेच्या मध्ये गार पाणी फिरणारी पिशवी. सगळी मेख या पिशवीत. जबड्याखाली आणि गळपट्टीच्या हाडाजवळ मानेला बाक असतो. तिथे पिशवी नीट टेकली नाही, हवेची फट राहिली, की कडेला उष्णता एकवटते आणि फोड येतो. इथले टेक्निशियन सेशन थांबवून पिशवी पुन्हा बसवतात, घाई करत नाहीत. हे फार मोलाचं आहे.

तापमान मोजण्यात मात्र कमी पडतात. सेन्सर फक्त त्वचेवर लावतात. त्वचा तर पिशवीने गारच ठेवलेली. तिथला आकडा गाठीच्या आतलं काहीच सांगत नाही. शक्य असेल तिथे गाठीत बारीक नळी घालून तापमान घ्यायला हवं आणि प्रत्येक सेशनचा आलेख फाइलला लावायला हवा. तो मागून घ्या.

‘चटका बसतोय’ हे रुग्णाने सांगणं हीच सुरक्षेची घंटा. पण मानेच्या ऑपरेशननंतर त्वचा बधिर असते, आणि श्वासासाठी गळ्यात नळी असलेल्याला बोलता येत नाही. हातात बेल द्यायला सांगा. गळ्यातली नळी धातूची असेल तर आधी प्लास्टिकची बसवून घ्या. जबड्यात टायटॅनियमची पट्टी असेल तर आधीच सांगा. पेसमेकर असेल तर हा उपचार नाही.

वेळापत्रक चांगलं आहे: मंगळवार आणि शुक्रवार. एकदा तापलेल्या पेशी दोन-तीन दिवस उष्णतेला दाद देत नाहीत, म्हणून मध्ये 72 तास हवेतच. पण रेडिएशन आणि उष्णता एकाच दिवशी, शक्यतो तासाभराच्या अंतराने व्हावी. ठाण्यात रेडिएशन घेऊन ट्रान्स-हार्बरने वाशी गाठायची तर लोकल वेळेत पोचवते; रिक्षा, केसपेपर, नंबर यांतच दोन-अडीच तास जातात. अशांनी दोन्ही एका छताखाली असेल तिथेच घ्यावं.

माहितीपत्रकातलं ‘केमोला पर्याय’ हे वाक्य केंद्राने ताबडतोब काढावं. मुंबईच्या नानावटी रुग्णालयातून 2010 मध्ये आलेल्या चाचणीत नुसत्या रेडिएशनने सुमारे 42 टक्के रुग्णांची गाठ पूर्ण विरघळली, उष्णता जोडल्यावर सुमारे 79 टक्क्यांची. चाचणी छोटी, पन्नासेक रुग्णांची, आणि तुलना रेडिएशनशी, केमोशी नव्हे. म्हणजे सात आठवड्यांत 35 वेळा मिळून 70 ग्रे (ग्रे म्हणजे रेडिएशनच्या मात्रेचं एकक) रेडिएशन आणि सोबतचं सिस्प्लॅटिन हे केमोचं औषध ठरल्याप्रमाणे पूर्ण करायचंच. शेकाच्या जागेवर फोड आला तर हायपरथर्मिया आठवडाभर थांबवा, रेडिएशनची तारीख चुकवू नका.