अक्षयनीवी आणि हरवलेली रिळे: नाशिकमधील एका दिवसाच्या सहलीविषयी

इंग्लंडमधील वॉल्टन-ऑन-टेम्स या गावी मी गेली सतरा वर्षे राहतो. आठवड्याचे वाणसामान आणायला ज्या रस्त्याने जातो, त्याचे नाव हेपवर्थ वे. मूकपटांच्या जमान्यात सेसिल हेपवर्थ यांचा स्टुडिओ याच गावात होता आणि १९१२ साली धुंडिराज गोविंद फाळके नावाचे एक मराठी गृहस्थ चित्रपट कसा तयार होतो हे पाहण्यासाठी तिथे येऊन गेले होते, हे कळायला मात्र मला तिथे राहूनही दहा वर्षे लागली. मी मूळचा नाशिकचा. फाळक्यांचा जन्म १८७० साली त्र्यंबकेश्वरी झाला आणि १९४४ साली त्यांनी देह ठेवला तो नाशिकलाच. म्हणून या डिसेंबरात आईकडे आलो असता ‘चित्रपट आणि इतिहास’ अशा शीर्षकाची एका दिवसाची सहल दिसली, तेव्हा फारशी चौकशी न करता चौदा वर्षांच्या लेकीचे आणि माझे नाव नोंदवून टाकले.

सहल चालवणारे दोघे तरुण आहेत; एक माहिती सांगतो, दुसरा गाडी चालवतो. न्याहारी आणि जेवण धरून माणशी २,८०० रुपये घेतात आणि गाडीत सहापेक्षा जास्त माणसे बसवत नाहीत. सकाळी साडेसहाला गंगापूर रोडवरून आम्हाला घेतले ते अगदी वेळेवर. न्याहारीची मिसळ उत्तम होती, आणि नाशिकमध्ये मिसळीविषयी याहून अधिक लिहिणे म्हणजे भांडण ओढवून घेणे.

पांडवलेण्यांचा भाग हा या सहलीचा प्राण आहे. दोनशेच्या आसपास पायऱ्या चढून वर गेल्यावर पांडवांचा या लेण्यांशी काही संबंध नाही, शिलालेखांत या डोंगराचे नाव त्रिरश्मी असे आहे, एवढे एका वाक्यात सांगून आमचा मार्गदर्शक थेट कामाला लागला. चोवीसच्या चोवीस लेणी दाखवण्याचा हट्ट त्याने धरला नाही, हे मला विशेष आवडले. तिसऱ्या लेण्याच्या ओसरीखाली जमिनीतून अर्धे वर आलेले सहा यक्ष खांद्यावर सारा भार पेलून उभे आहेत. त्यांच्यासमोर त्याने आम्हाला निवांत बसू दिले आणि मगच आतला लेख वाचायला घेतला. सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीची आई गौतमी बलश्री हिने नातू पुळुमावीच्या कारकिर्दीच्या एकोणिसाव्या वर्षी हे लेणे भिक्षूंना दिले आणि त्या निमित्ताने आपल्या दिवंगत मुलाचे वर्णन कोरून ठेवले. ज्याच्या वाहनांनी तीन समुद्रांचे पाणी प्यायले आणि ज्याने क्षहरातांचा, म्हणजे शक क्षत्रपांच्या एका घराण्याचा, वंश निःशेष केला, असा तो राजा. शाळेत असताना हे वाक्य आम्ही पाच गुणांसाठी पाठ केले होते. ते एका आईचे बोलणे आहे हे तेव्हा कोणी सांगितले नव्हते, आणि सांगितले असते तरी त्या वयात त्याचे काय वाटले असते, कोण जाणे.

खरी मौज दहाव्या लेण्यात आली. ज्यांचा वंश निःशेष केल्याचे तिसऱ्या लेण्यात वाचले, त्याच क्षहरात नहपानाचा जावई उषवदात याचे लेख तिथे आहेत. मार्गदर्शकाने विजेरी भिंतीला जवळजवळ टेकवून तिरपा प्रकाश पाडला, तशी सपाट वाटणारी भिंत अक्षरांनी भरून गेली. ब्राह्मीतला ‘क’ अधिकच्या चिन्हासारखा असतो, एवढेच त्याने माझ्या लेकीला सांगितले आणि “ताई, आता तुम्हीच शोधा,” म्हणून तो बाजूला झाला. जी मुलगी देवनागरी अडखळत वाचते, तिने पाच मिनिटांत अकरा ‘क’ शोधले.

त्यानंतर त्याने लेखातला हिशोब आमच्याकडून करवून घेतला. बेचाळिसाव्या वर्षीच्या वैशाखात उषवदाताने या लेण्यातल्या भिक्षूंसाठी तीन हजार कार्षापण नाण्यांची अक्षयनीवी, म्हणजे मुद्दल न मोडता केवळ व्याज वापरायचे अशी ठेव, गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे, म्हणजे कारागिरांच्या संघांकडे, ठेवली. त्यांपैकी दोन हजारांवर दरमहा शेकडा एक आणि एक हजारावर शेकडा पाऊण असा व्याजाचा दर होता. दोन हजारांचे वर्षाचे व्याज दोनशे चाळीस होते आणि त्यातून वीस भिक्षूंना चीवरासाठी, म्हणजे वस्त्रासाठी, प्रत्येकी बारा कार्षापण द्यावेत, असे लेखात म्हटले आहे. वीस गुणिले बारा दोनशे चाळीस, हिशोब चोख. आमच्याबरोबर बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ होते. त्यांनी मोबाइलवर हा गुणाकार दोनदा करून पाहिला आणि मग ते बराच वेळ काही बोलले नाहीत.

नहपानाचे पुढे काय झाले, हेही त्याने तिथेच ओसरीत बसून सांगितले. नाशिकजवळ जोगलटेंभी येथे १९०६ साली चांदीच्या तेरा हजारांवर नाण्यांचा साठा सापडला. त्यांतल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर, नहपानाच्या मुद्रेवरच, गौतमीपुत्राने आपला ठसा मारून ती पुन्हा चलनात आणली होती. तिसऱ्या लेण्यात आईने जे शब्दांत सांगितले तेच ही नाणी चांदीत सांगतात, हा दुवा जोडून देणारा माणूस मला माझ्या शालेय वयात भेटायला हवा होता.

हाच तरुण डोंगराच्या पायथ्याशी, फाळके स्मारकापाशी आला आणि अगदी वेगळाच माणूस झाला. ‘राजा हरिश्चंद्र’ नाशिकला चित्रित झाला, असे त्याने ठासून सांगितले. तो १९१३ चा चित्रपट मुंबईत दादरला तयार झाला. फाळक्यांनी बिऱ्हाड आणि कारखाना नाशिकला हलवला तो त्यानंतर. ‘मोहिनी भस्मासुर’, ‘सत्यवान सावित्री’ आणि ‘लंकादहन’ हे खरे नाशिकचे चित्रपट, आणि त्यांच्याविषयी सांगण्यासारखे पुष्कळ आहे. ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमला यांनी कामे केली, तोवर पडद्यावरच्या स्त्रिया पुरुषच होत असत. ‘लंकादहन’मध्ये तर अण्णा साळुंके यांनी राम आणि सीता या दोन्ही भूमिका केल्या. यातले काहीच न सांगता तिकीटविक्रीची नाणी पोत्यांत भरून बैलगाडीने नेल्याची गोष्ट त्याने तीनदा सांगितली. सरस्वतीबाई फाळके रात्री जागून फिल्मच्या कडांना छिद्रे पाडत, हे त्याच्या बोलण्यात आलेच नाही.

असे का व्हावे, याचा विचार मी गाडीत करत होतो. लेण्यात दाखवायला दगड आहे, अक्षर आहे, आकडा आहे, त्यामुळे तिथे गोष्ट रचावी लागत नाही. फाळक्यांच्या कामातले दाखवण्याजोगे फारच थोडे उरले आहे. ‘राजा हरिश्चंद्र’ची फक्त पहिली आणि शेवटची रिळे शिल्लक आहेत, आणि तीही १९१७ साली पुन्हा चित्रित केलेल्या प्रतीची असावीत, असे काही अभ्यासकांचे मत आहे. इथे आता काही राहिलेले नाही, असे त्याने सरळ सांगितले असते तरी चालले असते. ती पोकळी त्याने दंतकथेने भरली. शिवाय जे उरले आहे तेही त्याने दाखवले नाही. १९१९ च्या ‘कालिया मर्दन’चा बराच भाग आजही पाहता येतो. गाडीत मी माझ्या फोनवर त्याची सुरुवात लावली. फाळक्यांची लहानगी मुलगी मंदाकिनी कॅमेऱ्याकडे पाहत एकामागून एक चेहऱ्याचे भाव करून दाखवते. एवढेच त्या दृश्यात आहे. माझ्या लेकीने ते दोनदा पाहिले आणि स्वतःच फोन मागच्या बाकावरच्या मंडळींकडे दिला.

गावातला भाग ठीक होता. विजयानंद नाट्यगृहात २१ डिसेंबर १९०९ च्या रात्री ‘शारदा’ नाटकाच्या वेळी अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सन यांना गोळ्या घातल्या, हा प्रसंग मार्गदर्शकाने संयमाने सांगितला. बाबाराव सावरकरांना झालेल्या जन्मठेपेची पार्श्वभूमी सांगितली, जॅक्सन हे संस्कृतचे जाणकार होते हेही सांगितले, आणि इंग्लंडात वाढलेल्या मुलीच्या अवघड प्रश्नांना टाळाटाळ न करता उत्तरे दिली. अंजनेरीच्या नाणकशास्त्र संस्थेच्या संग्रहालयाला मात्र जेमतेम चाळीस मिनिटे मिळाली, कारण जेवणानंतर आम्हाला एका पैठणीच्या दुकानात सव्वा तास बसवून ठेवले होते. कार्यक्रमपत्रिकेत त्याचा उल्लेख ‘वस्त्रपरंपरा’ असा होता. विणकरांच्या श्रेणीवर सकाळी इतके ऐकल्यावर मागच्या बाजूला एखादा माग असेल अशी आशा होती. तिथे फक्त गल्ला होता.

तरीही जाणाऱ्याला मी जरूर जा म्हणेन, फक्त लेण्यांसाठी जा आणि फाळक्यांविषयी आधी घरी वाचून जा. गुडघे दुखणाऱ्यांनी पायऱ्यांचा विचार करावा. निघताना दादरची दुरुस्ती मी मार्गदर्शकाला एका कागदावर लिहून दिली होती, ती त्याने न रागावता घेतली. आठवड्याने त्याचा निरोप आला: “काका, दादरचं बदललं. अण्णा साळुंकेही घातले.” सोबत नवी कार्यक्रमपत्रिका होती. त्यात ‘वस्त्रपरंपरा’ दीड तासाची झाली आहे.