पेटी-दुरुस्ती: चार दिवसांचे अकरा झाले, तरी मी तिथंच जाणार

माझं वय ७१. कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत चाळीस वर्षं ब्लाऊज शिवले आणि जवळजवळ तितकीच वर्षं आमच्या महिला भजनी मंडळात पेटी वाजवली. आषाढीला मिरजकर तिकटीच्या विठ्ठल मंदिरातून नंदवाळला दिंडी जाते, पुईखडीला रिंगण होतं. पायी चालणं सुटून सहा वर्षं झाली, तेव्हा मनाला समजावलं होतं की पेटी तरी हातात आहे. गेल्या कार्तिकात काकड्याला बसले आणि रूपाचा अभंग संपायच्या आतच डावा हात भरून आला. उजव्या हाताची दोन बोटं सांध्यांत धरलेली. गवळणीला सूर मागे पडायला लागला, बाया माझ्यासाठी थांबायला लागल्या. त्याच दिवशी मंडळात सांगून टाकलं, देवानं आता रजा दिली. पेटी चादरीत गुंडाळून माळ्यावर टाकली.

पौषात सुनेनं ती खाली काढली आणि दुरुस्तीला न्यायचा हट्ट धरला. पहिल्या दुकानात (नाव घेत नाही) पेटी उघडूनसुद्धा बघितली नाही. जुनी आहे, नवी स्केलचेंजर (पट्टी वरखाली सरकवता येते ती पेटी) घ्या, म्हणाले. मग मंडळातल्या एकीनं गंगावेशीकडच्या एका बोळातलं दुकान सांगितलं. पाटी नाही, दोन उंच पायऱ्या, आत एकच माणूस आणि भिंतीवर गोविंदराव टेंब्यांचा फोटो. आपल्या कोल्हापूरच्या पेटीवादकाचा फोटो बघून मला तिथंच बरं वाटलं.

त्यांनी पेटी वाजवून बघितली नाही. आधी मला वाजवायला लावली. माझी बोटं, खांदा, डावा हात बघत राहिले. मग भाता भरून घेतला, उदबत्ती पेटवली आणि भात्याच्या घडीघडीवरून सावकाश फिरवली. एका कोपऱ्यात धूर फरफरला. "मावशी, हात न्हाई दमला तुमचा. भाता गळतोय. निम्मी हवा वाया जातीया, ती भरून काढायला तुम्ही दुप्पट हात मारताय."

खरं सांगते, मला तिथंच रडू आलं. दोन वर्षं मी ज्याला म्हातारपण म्हणत होते, त्यातलं निम्मं फाटकं चामडं होतं.

निम्मं म्हणजे निम्मंच. बोटांचे सांधे झिजलेत, ते कुणी नवे करून देणार नाही. त्यावर त्यांनी पट्ट्यांखालच्या स्प्रिंगा माझ्या बोटांपुरत्या हलक्या करून दिल्या. याहून हलक्या केल्या तर पट्टी नीट बसणार नाही आणि सूर आपोआप बोलत राहील, हेही समजावलं. पावसाळ्याच्या ओलीनं गंजलेले चार सूर, म्हणजे आत हवेनं वाजणाऱ्या पितळी जिभा, बदलले, बाकीचे मिळवले. पितळेची जीभ टोकाकडं घासली की सूर चढतो, बुडाकडं घासली की उतरतो, हे मला या वयात पहिल्यांदा कळलं. आमचे गळे आता काळी दोनवरून खाली पांढरी एकच्या पट्टीवर आलेत, हे सांगताना मला संकोच वाटत होता. ते एवढंच म्हणाले, तिथं खर्ज चांगला बोलंल. खरंच बोलतो. काम करता करता त्यांनी सांगितलं की आकाशवाणीनं १९४० साली पेटीला दार बंद केलं होतं, ते १९७१ ला उघडलं. "तवर काय ती गप बसली व्हती? गावोगाव भजनात वाजतच व्हती."

आता उणं. चार दिवस सांगितले, अकरा लागले. फोन उचलत नाहीत. पैसे रोखच लागतात. माझे २,६०० झाले. पायऱ्यांना धरायला काही नाही, त्यामुळं गुडघे दुखणाऱ्यांनी कुणाला तरी सोबत घेऊन जावं. पेटी रिक्षात मांडीवर घ्या, खाली ठेवू नका.

एक गोष्ट दुकानाची नाही, पण तिथूनच सुरू झाली. पेटी आणायला गेले तेव्हा त्यांनी विचारलं, तुमच्या मागं कोण वाजवतंय? मी म्हटलं, कुणी नाही. मंडळातल्या दोघींच्या मुली शिकवा म्हणून मागं लागल्या होत्या, पण मीच टाळत होते. देवापुढं बसून वाजवणं एवढीच माझी सेवा, असं धरून बसले होते. आता त्या दोघी दर मंगळवारी संध्याकाळी येतात. माघातल्या एकादशीला लांब अभंगांना थोरलीनं भाता मारला आणि मी फक्त पट्ट्या सांभाळल्या. भैरवीपर्यंत हात भरून आला नाही. धाकटीचा ताल कच्चा आहे, पण बोटं फार गोड पडतात.

तिला घरी सरावाला पेटी नाही. माझ्या नणंदेकडं एक मोडकी पडून होती, ती काल त्याच दुकानात टाकली. त्यांनी परत चारच दिवस सांगितलेत. मी पंधरा धरलेत. आषाढीच्या आत तिच्या हातात पडावी, एवढंच माझं मागणं आहे.