फ्रिजच्या आइसमेकरला पाणी कुठून द्यायचं: सिंकखालून, आरओतून की सरळ टाकीवालाच घ्यायचा?

मोठा साइड बाय साइड (दोन उभ्या दारांचा) फ्रिज बघायला गेलं की शोरूमवाला खटाखट बर्फ पाडून दाखवतो आणि घरी पाण्याची लाइन कुठून आणायची ते मात्र डिलिव्हरीच्या दिवशी कळतं. ठाणे-नवी मुंबईत हे आधी तुमचा मजला बघून ठरवा, फ्रिजचा रंग नंतर.

सिंकखालून थेट लाइन सगळ्यात सोपी. अँगल कॉक (सिंकखाली भिंतीतला छोटा कॉक) काढून टू-वे कॉक, म्हणजे दोन तोंडांचा, बसवायचा आणि तिथून पाव इंची पाइप, आरओला असतो तोच, फ्रिजच्या मागे न्यायचा. पाइपला भोक पाडून क्लॅम्प मारून देतो म्हणणारा प्लंबर भेटला तर नको सांगा, ते पुढेमागे गळतं. पण खरी गोम प्रेशरची आहे. बऱ्याच फ्रिजना निदान २० पीएसआय (पाण्याचा दाब मोजायचं एकक) लागतं आणि गच्चीवरच्या टाकीपासून १० मीटर खाली जेमतेम १४ पीएसआय मिळतं, म्हणजे टाकी तुमच्या नळाच्या चार-पाच मजले तरी वर हवी. वाशी-नेरूळच्या सिडकोच्या जुन्या चार मजली बिल्डिंगमध्ये तळमजलावालासुद्धा काठावर पास, वरच्यांचं तर सोडूनच द्या. घोडबंदरच्या टॉवरमधे मधल्या मजल्यावर असाल किंवा वर बूस्टर पंप असेल तर टेन्शन नाही. प्रेशर कमी पडलं की साच्यात पाणी अर्धंच येतं, बर्फ पातळ नाहीतर आतून पोकळ होतो, आणि फ्रिजचा व्हॉल्व्हही नीट बंद होत नाही, थेंब थेंब पडत राहतो आणि ट्रेमधे सगळ्या बर्फाचा एकच दगड.

मग काही लोक म्हणतात आरओतून घेऊ, पाणीही चांगलं मिळेल. भिंतीवरचा नेहमीचा आरओ असेल तर विसरा. त्याच्या टाकीतलं पाणी नुसत्या उतारावर नळातून येतं, प्रेशर जवळपास शून्य. सिंकखालचा, प्रेशर टँकवाला आरओ हवा, नाहीतर मधे छोटा पंप, म्हणजे खर्च वाढला आणि ओट्याखालचा डबे ठेवायचा कप्पाही गेला. हे मी फक्त टँकरचं, म्हणजे बहुतेक बोअरचं, पाणी येणाऱ्या सोसायटीलाच सांगेन, कारण फ्रिजमधला कार्बन फिल्टर क्लोरीनचा वास घालवतो, बोअरच्या पाण्याचा टीडीएस (विरघळलेले क्षार) नाही. नवी मुंबईत मोरबे धरणाचं पाणी येत असेल तर एवढा खटाटोप कशाला?

टाकीवाला फ्रिज म्हणजे आतल्या छोट्या टाकीत आपणच प्यायचं पाणी भरायचं. मे महिन्यात पाहुणे आले की सारखं भरत बसावं लागतं आणि टाकी आठवड्याला धुवायलाच हवी, कारण गोठल्याने जंतू मरत नाहीत. पण भाड्याचं घर असेल, ११ महिन्यांचं अ‍ॅग्रीमेंट, किंवा गच्चीवरच्या टाकीखालच्याच दोन मजल्यांवर राहत असाल तर माझं मत डोळे झाकून यालाच.

तरी लाइनच घ्यायची असेल तर पाइप अखंड घ्या, मधे जॉइंट नको, आणि मागे दोन-तीन वेटोळी सैल सोडा म्हणजे झाडायला फ्रिज पुढे ओढता येतो. फ्रिजसाठी कॉक वेगळाच ठेवा. सुरुवातीचा दोन-तीन ट्रे बर्फ फेकून द्यायचा. गणपतीला गावी जाताना तो कॉक बंद करा, सोबत आइसमेकरही बंद करा, नाहीतर पाणी नसताना तो उगाच रिकामा फिरत बसतो.