1923 च्या जर्मन नोटांचा संच: नोटा अस्सल, माहितीपत्रक मात्र दिशाभूल करणारे

पहिल्या महायुद्धाच्या आगेमागे छापलेल्या सहा जर्मन नोटांचा हा संच मी एका नाणे-नोटांच्या प्रदर्शनात 1,800 रुपयांना विकत घेतला. नोटा अस्सल आहेत, फारशा हाताळलेल्याही नाहीत, आणि त्या क्रमाने मांडल्या की युद्ध हरलेल्या त्या देशात लोकांच्या पैशाचे काय झाले हे डोळ्यांसमोर उभे राहते.

संचातील सर्वांत मोलाची नोट 15 डिसेंबर 1922 या तारखेची, 1000 मार्कची आहे. तिच्यावर 1923 मध्ये लाल शाईत ‘आयने मिलिआर्ड मार्क’, म्हणजे 100 कोटी मार्क, असे छापण्यात आले. वर्षही पुरे होण्याआधी त्याच कागदाची दर्शनी किंमत दहा लाख पटींनी वाढवावी लागली. खालचा जुना आकडा मात्र आजही स्वच्छ वाचता येतो. युद्धापूर्वी एका डॉलरला 4.20 मार्क पडत. नोव्हेंबर 1923 मध्ये 4.2 लाख कोटी पडू लागले, म्हणजे अशा 42 नोटा एकत्र केल्या तर जेमतेम एक सेंट होई.

सोबतच्या माहितीपत्रकाबद्दल माझी गंभीर तक्रार आहे. त्यात सारा दोष व्हर्सायच्या तहाला दिला आहे. युद्धभरपाईचे ओझे खरेच जड होते, पण जर्मन सरकारने युद्धाचा खर्च करांऐवजी मुख्यतः कर्जातून भागवला होता, आणि जानेवारी 1923 मध्ये फ्रेंच व बेल्जियन सैन्य जर्मनीच्या रुहर या औद्योगिक खोऱ्यात शिरल्यावर काम थांबवून प्रतिकार करणाऱ्या कामगारांना पोसण्यासाठी आणखी नोटा छापल्या, याचा उल्लेखही नाही. याच चलनवाढीने हिटलर सत्तेवर आला, हे विधान तर चुकीचेच आहे. नोव्हेंबर 1923 मधील त्याचे म्युनिकमधील बंड फसले आणि त्याच महिन्यात आलेल्या रेंटेनमार्क या नव्या चलनाने पैशाची घसरण सावरली. तो चॅन्सेलर झाला जानेवारी 1933 मध्ये, महामंदीने सुमारे साठ लाख लोकांना बेकार केल्यानंतर.

आणखी एक खटकणारी गोष्ट म्हणजे, 1910 या तारखेची 1000 मार्कची नोट विक्रेत्याने ‘युद्धपूर्व’ म्हणून दिली, पण तिच्यावरचे शिक्के हिरवे आहेत. हिरव्या शिक्क्यांच्या नोटा जुन्याच तारखेने युद्धानंतर छापल्या गेल्या; युद्धापूर्वीच्या नोटांवरचे शिक्के लाल असत. हा फरक केवळ संग्राहकांच्या हौसेचा नाही, कारण लाल शिक्क्यांच्या नोटा विश्वासाने जपून ठेवलेल्या अनेकांनी पुढे त्यांची सोन्याच्या भावाने भरपाई मागितली आणि त्यांना ती नाकारण्यात आली. ती वेदना कळण्यासाठी तरी शिक्क्याचा रंग अचूक सांगायला हवा होता.

संच घ्यायला हरकत नाही. मात्र पैसे देण्यापूर्वी 1910 च्या नोटेचे शिक्के पाहून घ्यावेत आणि जमल्यास लाल व हिरवी अशा दोन्ही मागून घ्याव्यात.