‘साहेबांनी मशीन मागवलंय’ असं सांगत कुणी आलं तर

माळावर बेस (एका जागी उभं ठेवायचं जीपीएस मोजणीचं मशीन) लावून रोव्हर (सोबत फिरवायचं मशीन) घेऊन पुढं जाणाऱ्या प्रत्येक सर्व्हेअरनं हे वाचावं आणि आपल्या हेल्परलाही वाचून दाखवावं. सांगली जिल्ह्यात जत तालुक्यातून आमचा बेस गेला. तो कुणी पळवला नाही, राखणीला बसलेल्या माणसाकडून रीतसर मागून नेला.

टोटल स्टेशनच्या, म्हणजे दुर्बिणीतून कोन आणि अंतर मोजायच्या मशीनच्या, कामात मशीनपाशी माणूस असायचाच. आरटीकेत, म्हणजे उपग्रहांच्या मदतीनं जागेवरच अचूक मोजायच्या पद्धतीत, तसं नसतं. बेस ठरलेल्या पॉइंटवर ट्रायपॉडवर उभा राहून रेडिओवरून करेक्शन (मोजणीतली चूक काढायची दुरुस्ती) पाठवत राहतो आणि रोव्हरवाला दोन-तीन किलोमीटरवर सेंटिमीटरच्या अचूकतेनं पॉइंट घेत फिरतो. काम चालू आहे तोवर बेस जागचा हलवता येत नाही. रेडिओसाठी तो उंचावर लावायचा, त्यामुळं लांबून दिसतो. लाखांच्या घरातली वस्तू दिवसभर अशी उघड्यावर असते.

आमचं काम सोलरसाठी घेतलेल्या जमिनीच्या टोपोचं, म्हणजे चढउताराच्या नकाशाचं, होतं. बेस टेकाडावर होता. जवळच मेंढरं राखणारे एक वयस्कर आप्पा होते. चहापाण्याचे पैसे देऊन त्यांना लक्ष ठेवायला सांगितलं होतं. आप्पांनी राखण अगदी इमानानं केली. मेंढरांनाही ट्रायपॉडच्या पायाजवळ फिरकू दिलं नाही.

दुपारी मोटारसायकलवर दोघं आले. एकाच्या अंगात आम्ही घालतो तसलंच चमकत्या पट्ट्यांचं जाकीट होतं. तो आप्पांशी कन्नडमध्ये बोलला. जतच्या पूर्व भागात घरोघरी कन्नड बोलतात, तेव्हा माणूस लगेच आपला वाटतो. त्यानं माझं नाव घेतलं. साहेब ओढ्यापलीकडं थांबलेत, मशीन दुसऱ्या पॉइंटवर लावायचंय, म्हणाला. साइटवर कोण आलंय, कुणाचं काम चाललंय, हे गावातल्या चहाच्या टपरीवर सहज कळतं.

पुढचं आप्पांनी सांगितलं ते नीट ऐका. त्या माणसानं आधी बटण दाबून मशीन बंद केलं. मग खालचा स्क्रू सैल करून रिसीव्हर अलगद उतरवला, पेटीतल्या फोमच्या खाचेत बसवला, ट्रायपॉडचे पाय आत सरकवून पट्टा आवळला. “तुमचा माणूस काढतोय तसंच काढलं की ओ,” आप्पा म्हणाले, “पेटी तर मीच गाडीवर ठेवू लागलो.” म्हणजे तो या धंद्यात कधीतरी हात घातलेला माणूस होता. असा माणूस घाबरत नाही, घाई करत नाही, आणि बघणाऱ्याला शंका येत नाही.

इकडं रोव्हरवर फिक्सचं (सेंटिमीटरची अचूकता) फ्लोट (कमी अचूक) झालं, मग सिंगल (करेक्शनच नाही). मध्ये चढ आला किंवा रेडिओची बॅटरी उतरली तरी हेच दिसतं, म्हणून आपण पोल घेऊन थोडं उंचावर जातो, वाट बघतो. त्यांना तेवढा वेळ पुरतो. यापुढं मध्ये काही आड नसतानाही करेक्शन बंद पडलं, तर सेटिंग तपासत बसू नका. आधी राखणदाराला फोन लावा.

गावात बातमी पसरल्यावर दुसरा फसवणारा उगवला. “तुमचं मशीन आमच्या पोराला सापडलंय, दहा हजार पाठवा, आणून देतो.” मी तळाच्या स्टिकरवरच्या सिरीयल नंबरचा फोटो मागितला. आधी नेट नाही म्हणाला, मग पाच हजारांवर आला, मग फोन बंद. त्याच्याकडं काहीच नव्हतं. वस्तू गेलेला माणूस आशेवर असतो, हे असल्या लोकांना पक्कं ठाऊक असतं. सिरीयल नंबरचा फोटो आल्याशिवाय एक रुपयाही पाठवू नका.

पोलीस ठाण्यात आधी ‘गहाळ’ म्हणून नोंद करू असं सांगण्यात आलं. ते मान्य करू नका. खोटं सांगून वस्तू काढून घेणं ही फसवणूक आहे. 1 जुलै 2024 पासून लागू असलेल्या भारतीय न्याय संहितेत ती कलम 318 मध्ये येते, साधी चोरी 303 मध्ये. हद्दीचा वाद निघाला तर झिरो एफआयआर (हद्द कुठलीही असो, कुठल्याही ठाण्यात नोंदवता येणारा गुन्हा) मागा. विम्यासाठीही एफआयआर लागते. आणि पॉलिसी आजच काढून वाचा. राखणीविना ठेवलेली किंवा स्वतःच्या हातानं दिलेली वस्तू बऱ्याच पॉलिसींत बसत नाही.

आता आम्ही राखणदाराला एकच गोष्ट सांगतो: मशीनला हात आम्हीच लावणार. माझं नाव घेऊन कुणी आलं तरी माझ्या नंबरवर फोन करून माझा आवाज ऐकल्याशिवाय द्यायचं नाही. पेटी गाडीत कुलपात ठेवतो, बेसजवळ ठेवत नाही. ट्रायपॉडच्या पायांतून साखळी घालून ती झाडाला किंवा खांबाला बांधतो. मोबाईलला रेंज असेल तिथं भारतीय सर्वेक्षण विभागाच्या कॉर्सवरून (कायम उभ्या असलेल्या स्टेशनांच्या जाळ्यावरून) करेक्शन घेतो, म्हणजे बेस उभा करायची वेळच येत नाही. जतच्या माळावर रेंज सगळीकडं मिळत नाही, म्हणून साखळी गाडीत कायम असते.

आप्पांना गावात बोल लागला याचं मला फार वाईट वाटतं. शिकलेल्या माणसालाही त्या दोघांनी असंच गुंडाळलं असतं. तुमच्या राखणदाराच्या बाबतीत असं घडलं तर त्याला पोलिसांपुढं एकटं उभं करू नका, स्वतः सोबत जा.

रिसीव्हर, कंट्रोलर, टोटल स्टेशन, सगळ्यांच्या सिरीयल नंबरचे फोटो आणि बिलं आज रात्रीच मोबाईलमध्ये आणि घरच्या दुसऱ्या कुणाच्या फोनवर ठेवा. वस्तू गेली की तो नंबर विक्रेत्याला आणि सर्व्हिस सेंटरला लगेच कळवा, कारण कॅलिब्रेशनसाठी किंवा बिघाड झाला की मशीन कधीतरी तिथं जातंच. सांगली, मिरज, कराड, सातारा भागात कुणी बिलाशिवाय स्वस्तात बेस विकायला आणला, स्टिकर खरवडलेलं असलं, तर घेऊ नका. चोरीचा माल जाणूनबुजून घेणं हाही कलम 317 खाली गुन्हा आहे. तळाचा फोटो काढून ठेवा आणि जवळच्या ठाण्यात द्या.