यशिका मॅट १२४जी : मीटर सोडून बाकी सगळे

बडोद्यात ट्विन लेन्स, म्हणजे एकावर एक दोन भिंगांचा, कॅमेरा शिकायचा विषय निघाला की हमखास एकच नाव पुढे येते, यशिका मॅट १२४जी. नाव चुकीचे नाही. पण उजेड मोजणाऱ्या ज्या लाइट मीटरसाठी लोक या मॉडेलला इतर यशिकांपेक्षा जास्त पैसे मोजतात, तेच मीटर या कॅमेऱ्यातली सर्वांत बेभरवशाची वस्तू आहे. बाकीचे यंत्र मात्र खणखणीत. मीटर मेलेला पण शटर धडधाकट असलेला नग चार पैसे कमी करून मिळत असेल, तर डोळे उघडे ठेवून तोच घ्यावा.

हे मॉडेल १९७० च्या सुमारास बाजारात आले आणि १९८६ पर्यंत बनत राहिले. म्हणजे सर्वांत नवा नगही आज चाळिशीचा. खालचे, फोटो काढणारे भिंग ८० मिमी एफ/३.५, चार काचांच्या टेसार नावाच्या जुन्या रचनेच्या धाटणीचे. वरचे, पाहण्याचे भिंग एफ/२.८ (एफचा आकडा लहान तितका उजेड जास्त), म्हणून कॅमेऱ्याच्या माथ्यावरच्या काचेच्या स्क्रीनवर चित्र जरा उजळ दिसते. कोपाल शटर १ सेकंद ते १/५००, शिवाय बी, म्हणजे कळ दाबून धरली तोवर उघडे. रोल १२० चा, एका रोलवर साधारण ५६ मिमीचे चौकोनी १२ फोटो. वजन किलोच्या थोडे वर. नावातला ‘जी’ म्हणजे गोल्ड, मीटरच्या विद्युतजोडण्यांना दिलेला सोन्याचा मुलामा. फोटोशी त्याचा काडीचा संबंध नाही, विकणाऱ्याच्या बोलण्यात मात्र तो फार येतो.

कॅमेरा पाहायला जाताना मोबाइलचा टॉर्च, ट्रेसिंग पेपरचा तुकडा आणि चिकटपट्टी सोबत न्या. रोल न घालताही पाठ बंद करून क्रँक (रोल सरकवायचा बाजूचा दांडा) फिरवता येतो आणि शटर मारता येते, त्यामुळे दुकानदाराने ‘रोल नाही, कसं दाखवू’ म्हटले तर ऐकू नका. आधी १ सेकंदावर मारून पाहा. आतल्या दातेरी चक्रांची घरघर एकसारखी ऐकू आली पाहिजे. मध्येच अडखळली किंवा शटर उघडेच राहिले तर जुने वंगण घट्ट झाले आहे. मग १/२, १/४, १/८ असे पुढे जा. फक्त १/३० च्या वरचे वेग चालत असतील तर तो नग दुरुस्तीचा समजून भाव करा. शटर न खोलता त्याच्या पात्यांवर लायटरचे पेट्रोल सोडून ‘एका मिनिटात मोकळे’ करून देणाऱ्यांपासून लांब राहा. पेट्रोल वंगण विरघळवते आणि पात्यांवर पसरवते. दोन दिवस शटर छान चालते, मग पाती एकमेकांना चिकटतात. सेल्फ-टायमर तपासायच्या भानगडीत पडू नका. इतक्या जुन्या शटरमध्ये तो अडकला तर शटरही त्याच्याबरोबर अडकते.

आता पाठ उघडा, शटर बी वर धरून ठेवा, अ‍ॅपर्चर (भिंगातले उजेडाचे छिद्र) पूर्ण उघडा आणि मागून टॉर्च मारून समोरून तिरके पाहा. धुळीचे चार कण असले तर काही बिघडत नाही. कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेषा म्हणजे बुरशी. ती काठाला थोडी असली तर चालून जाते, मधोमध असली किंवा काचेचा थर खाल्लेला असला तर नको. सगळी काच दुधाळ दिसत असेल तर उजेडाकडे तोंड करून काढलेला प्रत्येक फोटो धुरकट येणार.

सर्वांत महत्त्वाची तपासणी बहुतेक लोक करतच नाहीत. वरचे आणि खालचे भिंग एकाच पट्टीवर बसवलेले असते आणि फोकसचा नॉब दोघांना मिळून पुढे-मागे करतो. कॅमेरा कधी आपटला असेल तर पट्टी वाकते. स्क्रीनवर चित्र ठसठशीत दिसते, निगेटिव्हवर ते पुसट येते. ट्रेसिंग पेपर फिल्म सरकते त्या आतल्या रुळांवर ताणून चिकटवा, शटर बी वर, एफ/३.५. दीड-दोन मीटरवरच्या दुकानाच्या पाटीवर वरून फोकस करा आणि मागच्या कागदावर हातभिंगाने पाहा. तिथेही तीच अक्षरे तितकीच स्पष्ट हवीत. मग हेच दूरच्या इमारतीवर करा. फरक दिसला तर भिंगे पुन्हा जुळवून घ्यावी लागतील. काम अवघड नाही, पण ते जाणणाऱ्याकडूनच करून घ्यावे.

क्रँकची एक खोड या मॉडेलांत सर्रास आढळते. रोल पुढे सरकवणारी यंत्रणा झिजली की दोन फोटोंमधले अंतर कमी-जास्त होते आणि पुढे एका फोटोवर दुसरा चढतो. हे रोल धुतल्याशिवाय कळत नाही, म्हणून विकणाऱ्याकडे त्याच कॅमेऱ्यातली धुतलेली निगेटिव्ह मागा. क्रँक पुढे अडेपर्यंत, मग मागे अडेपर्यंत फिरवून मिटवायचा असतो. मध्येच सोडला तर पुढचा फोटो घेताना कळ दबत नाही, आणि मग नवशिका जोर लावतो. जोर कधीच लावायचा नाही.

आता मीटर. ते १.३५ व्होल्टच्या पाऱ्याच्या बॅटरीवर चालायचे. ती बॅटरी आता बनत नाही. तिच्या मापाची अल्कलाइन बॅटरी १.५ व्होल्टची, त्यामुळे सुई उजेड आहे त्याहून जास्त दाखवते आणि तिचे ऐकले तर फिल्मला उजेड कमी पडून निगेटिव्ह पातळ, फिके येते. शिवाय अल्कलाइनचा दाब वापरताना उतरत जातो, म्हणजे आजची चूक आणि महिन्याभराने होणारी चूक सारखी नसते. श्रवणयंत्राची ६७५ मापाची झिंक-एअर बॅटरी १.४ व्होल्टची, बाजूने कडे घालून बसवली तर बरीच जवळ जाते, पण तिच्यावरचा चिकट कागद काढला की ती काही आठवड्यांत संपते. एवढे करूनही मीटरमधला उजेड मोजणारा सेल म्हातारा, आणि तो समोरच्या सगळ्या दृश्याची सरासरी घेतो. सूरसागर तलावाच्या काठावरून महादेवाच्या उभ्या मूर्तीकडे कॅमेरा केला की मागचे उघडे आकाश सुई वर नेते आणि मूर्ती काळवंडते. मोबाइलवरचे मीटर अ‍ॅप यापेक्षा बरे. पण शिकायचेच असेल तर नजर तयार करावी.

बडोद्याच्या उजेडात ते फार जड नाही. होळीपासून मृग लागेपर्यंत आकाश एकसारखे असते. आयएसओ ४०० चा रोल, भर ऊन, सावल्या काळ्याशार : १/५०० ला एफ/१६. ऊन आहे पण सावलीची कड मऊ : एफ/११. ढगाळ, सावलीच पडत नाही : एफ/८. उघड्या आकाशाखालची सावली किंवा पावसाचे दाट ढग : एफ/५.६. जुन्या शहरातल्या पोळांमध्ये, म्हणजे अरुंद गल्ल्यांत, जिथे दोन्ही बाजूंची घरे उजेड अडवतात, तिथे आणखी एक स्टॉप, म्हणजे दुप्पट उजेड, एफ/४. अर्धी गल्ली उन्हात आणि अर्धी सावलीत असेल तर सावलीचे माप धरा. कृष्णधवल निगेटिव्ह जास्त उजेड पुष्कळ सहन करते, कमी उजेड अजिबात नाही, म्हणून शंका आली की एक स्टॉप जास्त उजेड द्या. १/५०० लावायचा असेल तर क्रँक फिरवण्याआधीच लावायची सवय ठेवा. भारतातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार होमाई व्यारावाला, ज्यांची अखेरची वर्षे बडोद्यात गेली आणि ज्या जानेवारी २०१२ मध्ये इथेच वारल्या, त्यांच्या हातात रोलिफ्लेक्स हा असाच ट्विन लेन्स कॅमेरा असे. त्या पिढीचे वृत्तछायाचित्रकार घाईगर्दीत उजेडाचा अंदाज नजरेनेच बांधत.

रोल भरण्याचे काम पाच मिनिटांचे, पण चुका इथेच जास्त होतात. सावलीत उभे राहा, उन्हात नाही. रिकामे रीळ वरच्या कप्प्यात, नवा रोल खालच्या. कागदाची काळी बाजू भिंगाकडे, छापील बाजू तुमच्याकडे. टोक वरच्या रिळाच्या फटीत सरळ खोचा. तिरके गेले तर कागद एका कडेला चढत जातो, रोल सैल गुंडाळला जातो आणि कडेने उजेड शिरतो. अंगठ्याने खालच्या रोलवर हलका दाब ठेवून क्रँक फिरवा, कागदावरचा बाण कॅमेऱ्यातल्या सुरुवातीच्या खुणेसमोर आला की थांबा. पाठ बंद करा आणि क्रँक अडेपर्यंत फिरवा, आकडा १ वर येतो. बाण पुढे गेला तर बारावा फोटो जातो. पाठीवरची सरकती पाटी १२ फोटोंच्या खुणेवर आहे ना, हे दरवेळी पाहा. २४ ची खूण २२० च्या रोलसाठी, ज्याला मागे कागद नसतो. तो रोल आता जवळपास मिळतच नाही, पण जुन्या मालकाने पाटी तिथेच ठेवलेली असू शकते. मग १२० चा रोल दाबला जातो, घासतो, आणि बारानंतरही आकडा पुढे जात राहतो.

फ्लॅश वापरणार असाल तर भिंगाजवळची खूण एक्स वर हवी. एम ही जुन्या बल्बांसाठीची. तिच्यावर इलेक्ट्रॉनिक फ्लॅश शटर उघडायच्या आत उडून जातो आणि फोटो कोरा येतो. शटर भिंगातच असल्यामुळे १/५०० लाही फ्लॅश जुळतो, हा या कॅमेऱ्याचा मोठा फायदा.

स्क्रीनवर डावे-उजवे उलटे दिसते, ही पहिल्या दिवसाची मोठी कटकट. नियम साधा : चित्र स्क्रीनवर जिकडे सरकायला हवे, कॅमेरा तिकडेच वळवा. क्षितिज तिरके दिसत असेल तर स्क्रीनवर जी बाजू खाली गेली आहे, कॅमेऱ्याची तीच बाजू उचला. फोकस नेहमी झाकणातले भिंग वर काढून करा, नुसत्या डोळ्यांनी नाही. एक मीटरवर एफ/३.५ ला जेमतेम ५ सेंमीचा पट्टा स्पष्ट येतो. डोळ्यांवर फोकस केला आणि माणूस जरा पुढे झुकला की खेळ संपला. दोन मीटरवर एफ/८ ला अर्धा मीटर मिळतो, चेहऱ्यांसाठी शिकताना तेच बरे. जवळच्या फोटोत आणखी एक घात : वरचे भिंग जे पाहते, खालचे त्याहून काही सेंटिमीटर खालून पाहते. डोक्यावर ठेवलेली मोकळी जागा फोटोत कापली जाते. तिपाईवर असाल तर फोकस झाल्यावर कॅमेरा दोन भिंगांमधल्या अंतराएवढा वर करा. हातात असेल तर डोक्यावर जागा जास्त सोडा.

कमरेच्या उंचीवरून मांडवीसारखी इमारत घेताना कॅमेरा वर तिरका करावासा वाटतो आणि भिंती मागे झुकतात. मागे सरका, कॅमेरा सरळ ठेवा आणि खालची जमीन नंतर कापा, चौकोनात तेवढी जागा असते. गणपतीच्या मिरवणुकीत माणसांच्या भिंतीआड सापडलात तर कॅमेरा उलटा करून डोक्यावर धरा आणि खालून स्क्रीनमध्ये पाहा. उत्तरायणाला, म्हणजे संक्रांतीला, पतंगांमागे मात्र स्क्रीन घेऊन धावू नका. झाकणाची पुढची पाटी आत ढकलली की थेट पाहायची चौकट मिळते, फोकस अनंतावर, १/५००.

भिंग एफ/८ आणि एफ/११ ला धारदार. एफ/३.५ ला कोपरे मऊ पडतात. समोरून ऊन आले की रंग फिके होतात, म्हणून भिंगावर सावली धरणारा बे १ मापाचा हूड घ्याच.

रोल घरी धुणार असाल तर उन्हाळ्यात गच्चीवरच्या टाकीचे पाणी थेट वापरू नका. एचपी५ प्लस या कृष्णधवल फिल्मला आयडी-११ डेव्हलपरमध्ये १+१ ला (डेव्हलपर आणि पाणी समसमान) २० अंशांवर १३ मिनिटे लागतात, २४ अंशांवर साधारण ९ ते साडेनऊ. वेळ ५ मिनिटांच्या खाली गेली की निगेटिव्हवर ढगासारखे डाग येतात. परात घ्या, पाण्यात बर्फाच्या पिशव्या सोडा आणि डेव्हलपर, फिक्सर, धुण्याचे पाणी सगळे एकाच तापमानाला आणा. पॅटरसनच्या टाकीत १२० च्या एका रोलला ५०० मिली लागते. ३५ मिमीच्या सवयीने ३०० मिली ओतले तर अर्धी फिल्म कोरडी राहते. बोअरचे पाणी असेल तर शेवटचे बुडवणे डिस्टिल्ड पाण्यात करा, नाहीतर वाळल्यावर पांढरे ठिपके राहतात.

पर्यायांत यशिका डी मीटरशिवायची आणि नॉबवर चालणारी. शटर वेगळे चढवावे लागते, त्यामुळे विसरभोळ्याला तापदायक, बाकी छान. लुबिटेल हलका आणि स्वस्त, पण फोकसला इतका कच्चा की शिकणारा स्वतःलाच दोष देत बसतो. मामियाच्या सी३३० ची भिंगे बदलता येतात. मात्र ते धूड गळ्यात घेऊन दांडिया बाजारातून कमाटीबागेपर्यंत चालून पाहा, मग ठरवा. पावसाळ्यात यापैकी कोणताही कॅमेरा त्याच्या चामडी पेटीत ठेवू नका, बुरशी चामड्यातूनच काचेवर येते. घट्ट झाकणाचा डबा, आत सिलिका जेल, आणि अधूनमधून बाहेर काढून सगळ्या वेगांवर शटर मारून घ्या.